शैलाला अडवण्यासाठी विचारलेला प्रश्न

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून जे झालं ते तुम्हालाच सांगते. घरी सांगायची लाज वाटतेय.

बी.एस्सी.ला माझ्या बाकावर बसणारी शैला आता मेंदूवर संशोधन करते. आज ती मंठ्याला, मी शिकवते त्या कॉलेजात व्याख्यानाला आली होती. पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक प्रोटीन उंदराच्या मेंदूत कुठं कुठं सापडतं, याचा नकाशा तिनं पडद्यावर दाखवला. मेंदूच्या कागदाहून पातळ चकत्या, आणि प्रोटीन असेल तिथं तपकिरी रंग. मुलं श्वास रोखून बघत होती. माझ्या तासाला ती अशी कधी बसत नाहीत. मला ते सहन झालं नाही.

मी उठून विचारलं, "हा रंग खोटा नाही कशावरून? दुसऱ्याच कशाला लागला असेल तर?"

ती अडखळावी, एवढीच इच्छा होती. शैला उलट खुलली. "अगं, हेच तर तपासावं लागतं!" ज्या उंदरात ते प्रोटीन तयारच होत नाही, त्याच्या मेंदूची चकती तिनं दाखवली. तिच्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

बाहेर एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, काय प्रश्न काढला तुम्ही! आम्हाला तर सुचलाच न्हाई." मी नुसती हसले.

आत्ता शैलाचा मेसेज आलाय: "तुझा प्रश्न पुढच्या व्याख्यानात तुझ्या नावानं सांगणार. चालेल ना?"

"चालेल" लिहून मी दोनदा पुसलं. प्रश्न चांगलाच होता. पण तो का विचारला, हे तिला सांगावं का? तुम्ही सांगितलं असतं?