सिग्नलपासून डावीकडे

आमच्या गावात रेल्वेचा सिग्नल नाही, हे मला लेकीच्या लग्नाच्या दिवशी कळलं. तेव्हा मला या गावात नांदायला येऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

गाव आमचं चुलबंद नदीच्या काठी. इथून पूर्वी छोटी लाइन जायची आणि माझे सासरे तिच्यावर गार्ड होते. पुढे मोठी लाइन आली ती गावाला वळसा घालून गेली. छोटीचे रूळ, सिग्नल, गेट, गुदाम, पाण्याची टाकी, सगळं उचललं गेलं. उरला तो रुळांखालचा मातीचा उंच भराव आणि नदीत पुलाचे नुसते खांब. हे सारं माझ्या लग्नाच्या आधीच उरकलं होतं, पण गावानं ते मनावर घेतलंच नाही! आजही इथे लोक ‘टाकीपाशी’ भेटतात, म्हशी ‘गेटजवळ’ हरवतात आणि शेजारचे काका तर गेटच्या जागी अजून सायकलवरून उतरतात. (गेट बंद असेल तर?)

सून म्हणून मीही हीच भाषा शिकले. जरा जास्तच चांगली शिकले.

वरात फुलचूरहून बसनं येणार होती. लग्न अकराचं. त्यात आमच्या बौद्धाचार्यांना एक वाजता दुसऱ्या गावी दुसरं लग्न लावायचं होतं. त्यांनी आधीच बजावलं होतं, “बाई, बारा वाजता मी स्कूटीवर. इथलं लागलं तर लागलं, नाही तर पुढच्या रविवारी.” मांडव, चारशे माणसांचं जेवण आणि नटलेली नवरी पुढच्या रविवारपर्यंत कुठं ठेवायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

आदल्या दिवशी प्रणाली, म्हणजे नवरीच, म्हणाली, “आई, त्यांना मोबाइलवर लोकेशन पाठवून दे ना.”

“लोकेशन कायले? मी काय मेली का? तोंडानं सांगितलेला रस्ता चुकत नसते!”

आणि मी विहीणबाईंना मोबाइलवर माझ्या आवाजात रस्ता पाठवला. चांगला तीन मिनिटांचा. ‘टाकीपासून आत या. सिग्नलपासून डावीकडे. गेट ओलांडा, मग लाइनीलाइनीनं सरळ या. गुदाम आलं की खाली उतरा, समोरच आमचा मांडव. घाबरू नका!’

सकाळी सव्वादहाला ड्रायव्हरचा फोन. गोंदियाचा माणूस, हिंदीत सुरू झाला. “दीदी, सिग्नल किधर है? इधर तो खाली एक बकरी है.”

“बकरीच्या बाजूलाच आहे. कोणालाही विचारा!”

त्यानं पानठेल्यावर विचारलं. पानठेलेवाला म्हणाला, “सिग्नल? अरे भाऊ, तू सिग्नलच्या खालीच उभा हाय ना!” ड्रायव्हरनं वर पाहिलं. वर आभाळ होतं. पण इतकी माणसं इतक्या खात्रीनं सांगून राहिली म्हटल्यावर बिचारा डावीकडे वळला. गेट ओलांडलं (म्हणजे काहीच ओलांडलं नाही) आणि लाइन शोधत थेट भरावावर चढला. आता गुदामापाशी उतरायचं. पण गुदामाच्या जागी मोबाइलचं दुकान! म्हणून तो सरळ जात राहिला. नदी येईपर्यंत.

अकराला दहा कमी असताना दुसरा फोन आला. या वेळी विहीणबाई. “बाई, तुमच्या गावात पूल हाय का निसते खांब?”

मी स्कूटी काढली. मागं सासरे बसले, नव्या धोतरावर, हातात एक पिशवी घेऊन. “बाबा, तुम्ही कायले?” तर म्हणाले, “चाल मुकाट्यानं.”

भरावावर पोहोचलो तर बस पार टोकाशी, नाक नदीकडे. भराव बसएवढाच रुंद. दार उघडलं की खाली थेट बेशरमाची झुडपं, त्यामुळे कोणाला उतरताही येईना. आणि आतल्या डीजेवाल्यानं माझाच आवाज मोठ्या स्पीकरवर लावलेला. नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जात होतं, “घाबरू नका!” त्यावर वराती खिदळत होते.

घड्याळात सव्वाअकरा. मी व्यवहारी बाई. म्हटलं, “विहीणबाई, आधी नवरदेवाले मागच्या खिडकीतून काढा. स्कूटीवर नेते. बाकीचे मग येतील!”

“पोरगा हाय तो, धानाचं पोतं नोय!” विहीणबाई खिडकीतून कडाडल्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. बाबांनी पिशवीतून लाल-हिरव्या झेंड्या काढल्या होत्या. वाकून बसची मागची चाकं पाहिली, खिशातलं घड्याळ पाहिलं.

“बाबा, लवकर!”

“गार्डले घाई करून राहिली का? ड्रायव्हर! माझ्या झेंडीबिगर एक बोट हलायचं नाही!”

ड्रायव्हरनं चक्क सलाम ठोकला. हिरवी झेंडी हलली आणि अख्खी वरात उलटी निघाली. बाबा मागं, बस त्यांच्याकडे पाठ करून, खिडक्यांतून टाळ्या! अर्ध्यात एकदम लाल झेंडी. भरावावर गाय बसली होती.

“लाइन क्लिअर नाही!” बाबा ओरडले. मी पदर खोचून गाय हाकलली. लेकीचं लग्न आणि मध्ये गाय!

मांडवात पोहोचलो तेव्हा बाराला बारा मिनिटं कमी होती. बौद्धाचार्यांनी हेल्मेट घातलेलं. मला पाहून त्यांनी ते काढलं, एका दमात त्रिशरण-पंचशील सुरू केलं आणि ठीक बाराला हार पडले, टाळ्या पडल्या, स्कूटी सुरू झाली. विहीणबाईंनी पहिली मिठाई मला नाही, बाबांना भरवली.

संध्याकाळी लेक निघाली. सगळ्या बाया मांडवाच्या खांबाला धरून रडत होत्या. मला रडायला वेळ कुठला? मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले.

“दादा, जाताना सोपं आहे. गुदामापासून मागं वळा, सिग्नल आला की...”

त्यानं दोन्ही हात जोडले. “दीदी, रास्ता रहने दो. आप बस रो लो.”