बिलबेरीचं पाणी

कुवेतमध्ये फहाहीलला आमच्या वरच्या मजल्यावर फिनलंडची एक बाई राहायची. पन्नाशीची, एकटी. मी नर्स होते त्याच इस्पितळात ती फिजिओथेरपिस्ट. दरवर्षी सुट्टीवरून येताना ती वाळवलेली बिलबेरी आणायची. तिकडच्या जंगलात हे झुडूप गुडघ्याएवढंच वाढतं, म्हणे. फळ करवंदापेक्षा लहान, निळंकाळं. खाल्लं की जीभ जांभळी होते. ती मोठ्या दातांच्या फणीसारख्या डबीनं फळं ओरबाडून घ्यायची. ताज्या फळांचं सूप, जॅम; पानांचा चहा. "ताजी जास्त खाल्ली तर पोट सुटतं," ती हसून सांगायची, "आणि वाळवलेली खाल्ली तर थांबतं."

नव्वदच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं. त्या वर्षी तिनं सुट्टी सप्टेंबरात घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून ती अडकली. दुकानं रिकामी झाली, इस्पितळातली औषधंही संपत आली. त्यातच आमच्या चार वर्षांच्या मुलीला जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले. मीठ-साखरेचं पाणी पोटात ठरेना. मी वर धावले.

तिनं उरलेली सगळी बिलबेरी माझ्या हातात दिली. "मूठभर घेऊन चांगली उकळ, गाळ, थोडं थोडं पाज. आणि मीठ-साखरेचं पाणी बंद करू नकोस."

काळपट, तुरट पाणी. मुलगी तोंड वेडंवाकडं करायची, पण प्यायची. दोन दिवसांनी तिनं भात मागितला.

त्याच आठवड्यात सैनिक गोऱ्या लोकांना ओलीस म्हणून घराघरांतून उचलू लागले. त्यांना लपवणाऱ्याला फाशी, असा हुकूम निघाला. एका दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली. हातात छोटी पिशवी.

"थोडे दिवस तुमच्याकडे राहू का? मी खोलीबाहेर येणार नाही."

मी "थांबा हं" म्हणून आत गेले. तिला आत या म्हटलं नाही.

नवरा म्हणाला, "वेड लागलंय का तुला? घरात पोर आहे."

"अहो, त्या पोरीसाठीच तर तिनं..."

"पोरीसाठीच म्हणतोय मी."

मी बाहेर येऊन म्हटलं, "उद्या सांगते." तिला कळलं. माझ्या खांद्यावर थोपटून ती जिना चढून गेली.

दुसऱ्या दिवशी मी काहीच सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. जिन्यात बुटांचे आवाज आले तेव्हा मी मुलीच्या तोंडावर हात ठेवून उभी होते. मुलगी ओरडत नव्हती, तरीही.

पुढे बगदाद, अम्मान करत आम्ही मुंबईला पोहोचलो. एक्क्याण्णवच्या शेवटी परत कुवेतला कामावर आले तेव्हा कळलं, नव्वदच्या डिसेंबरातच तिला सोडलं होतं. ती फिनलंडला गेली, पुन्हा येणार नव्हती.

नवरा म्हणाला, "बघ, झालं का काही तिला? उगाच जिवाला लावून घेतलंस."

इस्पितळातून तिचा पत्ता मिळवून मी पत्र लिहिलं. आम्ही सुखरूप आहोत, मुलगी शाळेत जाते, असं दीड पान. माफी मागायचं वाक्य तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी त्याच्याशिवायच पत्र पोस्टात टाकलं. उत्तर आलं नाही. आलं असतं तर ते मी नवऱ्यासमोर उघडलं नसतं.