जुन्या रंगाची खोली

रंगारीकाकांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंती उजळण्यात गेलं. हाती पडायची ती किमान मजुरी, तीही कंत्राटदाराची मर्जी असेल तर. स्वतःच्या एका खोलीच्या भिंतींकडे मात्र ते बघतसुद्धा नसत.

त्याला कारण होतं. इमारतीतली एखादी खोली रिकामी झाली की मालकीणबाई ती काकांकडूनच रंगवून घेत आणि लगेच भाडं वाढवत. वरच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरनं एकदा हौसेनं, स्वतःच्या खिशातून खोली रंगवली. मालकीणबाई म्हणाल्या, "खोली सुधारली, आता भाडंही सुधारायला हवं." वर्षभरात ड्रायव्हरनं बिऱ्हाड हलवलं. तळमजल्यावर एक बाई राहायची, हॉस्पिटलात फरशी पुसणारी. ती गेल्यावर काकांनी ती खोली चकाचक केली, तेव्हापासून तिला कुलूपच. बघायला येणारे "छान आहे हो" म्हणायचे आणि भाडं ऐकून चपला शोधायचे.

म्हणून काकांच्या भिंतींचे पोपडे सुटले तरी ते गप्प होते. मजुरीतला अर्धा भाग आताच भाड्यात जात होता. आणखी वाढलं असतं, तर गावाबाहेर जावं लागलं असतं, आणि पहाटे कामाला पोचणं या गुडघ्यांनी जमलं नसतं.

पण लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली आणि दुसऱ्याच दिवशी छताचा एक पोपडा बाळाच्या दुपट्यावर पडला.

"अहो, जगाला रंग लावता," काकू म्हणाल्या, "आणि नातवाच्या तोंडात चुना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"रंग दिला तर भाडं वाढेल."

"मग वाढणार नाही असा रंग द्या. एवढी वर्षं ब्रश कशाला धरलात?"

काकू चिडून बोलल्या होत्या, पण काकांच्या डोक्यात ते बसलं. रविवारी त्यांनी छत आणि भिंती खरवडल्या, भेगांत लांबी भरली, घासकागद मारला. मग डब्यात पांढरा घेतला, त्यात पिवळा, चिमूटभर काळा, थोडा गेरू. भिंतीच्या कोपऱ्याशी लावून बघितलं. अजून नवा दिसत होता. काकूंनी उरलेला चहा पुढे केला, तोही ओतला. शेगडीच्या मागे एक हात जरा काळपट मारला.

"कॅलेंडरमागची जागा उजळ ठेवा," लेक हसत म्हणाली, "नाहीतर पकडले जाल, बाबा."

संध्याकाळपर्यंत खोली होती तशीच मळकट दिसू लागली, पण छतावरून आता काही पडत नव्हतं. रंगाचा वास जावा म्हणून काकूंनी दोन दिवस सढळ हातानं लसणाच्या फोडण्या दिल्या.

पहिल्या तारखेला मालकीणबाई भाडं घ्यायला आल्या. बाळाचे गाल ओढले, पैसे पर्समध्ये टाकले आणि वाकून चप्पल घालताना भिंतीला हात टेकला. मग तळहाताकडे बघत राहिल्या. दर महिन्याला इथे हात टेकला की तो पांढरा व्हायचा.

काकू शेगडीकडे वळल्या.

"रंगारीबुवा," मालकीणबाई म्हणाल्या, "हे कधी केलंत?"

काकांना खोटं बोलता येत नव्हतं. "रविवारी. बाळावर पोपडे पडत होते."

"आणि हा असला रंग?"

"नवा दिला असता तर परवडलं नसतं, बाई. रंग नाही. खोली."

मालकीणबाईंनी शेगडीमागचा काळपटपणा बघितला, कॅलेंडर उचलून खालची उजळ जागा बघितली आणि त्यांना हसू आवरेना. हसून झाल्यावर त्या बाजेवर टेकल्या.

"खालची खोली चार महिने रिकामी आहे. भाडं कमी केलं तर दीर म्हणणार, नव्या कोऱ्या खोलीचं जुनं भाडं? इमारतीत त्यांचाही वाटा आहे ना." त्यांनी पुन्हा भिंतीवरून हात फिरवला. "तिथेही हाच रंग लावता येईल?"

काका चाचरले. "येईल की. पण जुना रंग करायला नव्यापेक्षा जास्त वेळ लागतो."

"मजुरी नव्याची घ्या. आणि तुमचं भाडं आहे तेच राहू दे."

त्या जिना उतरून गेल्या. काकांनी डबा उघडून पाहिला. तळाशी जेमतेम एका कोपऱ्यापुरता रंग उरला होता.

"फरशी पुसणारी बाई आता कुठे राहते गं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"बहिणीकडे. दोन बस बदलून हॉस्पिटलात येते."

"तिला निरोप धाड," काका म्हणाले, "आणि चहा जरा जास्त टाक."