उंबऱ्याबाहेर राहिलेला बूट

“काकू, काकांच्या पायाला काही जाणवतच नाही,” डॉक्टर म्हणाले तेव्हा मला हसू आलं. बोरगावहून माझ्यासोबत चांगले चालत आले होते हे.

मग डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला लावले आणि नायलॉनचा जाड धागा तळव्याला टेकवला. लागलं की सांगा, म्हणाले. धागा दहा ठिकाणी टेकवून झाला, तरी हे डोळे मिटून वाटच बघत होते. माझं हसू तिथंच संपलं.

याला न्यूरोपॅथी म्हणतात, म्हणजे साखरेनं नसा बधिर होणं. अंगठ्याखाली अल्सर होता, न भरणारी जखम. चपलेतला खिळा किती दिवस रुतत होता, यांना पत्ताच नव्हता.

त्या दवाखान्यात मधुमेहींच्या पायांवर संशोधन सुरू होतं. सगळं समजावून, सही घेऊन यांना त्यात घेतलं. ऑफलोडिंगचा बूट दिला, म्हणजे जखमेवर भार पडू न देणारा. घरातही घालायचा, संडासला जातानाही. किती तास घातला ते वहीत रोज लिहायचं आणि दर गुरुवारी दाखवायचं.

आमच्या पुढच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे. तिथंच रोज वंदना होते. पायातलं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. पहिल्याच दिवशी मी यांना अडवलं, “अवो, बूट घालून कुठी येऊन राह्यले?” यांनी मुकाट्यानं बूट बाहेर काढला. पुढं तो चौकापर्यंत जाऊन येण्यापुरताच पायात राहिला.

वहीत मी लिहिलं, ‘दिवसभर घातला’. रोज तेच. माझी सारी नोकरी अंगणवाडीत रजिस्टरं भरण्यात गेली. रकाना रिकामा राहिला की साहेब बोलायचे, म्हणून मागचंपुढचं जुळवून भरायची सवय. आणि डॉक्टर इतके गोड बोलायचे! त्यांना नाही कसं म्हणू?

जखम खोल जात गेली. औषधं बदलली. डॉपलर झाला, म्हणजे पायातला रक्तपुरवठा बघायची तपासणी. तो ठीक निघाला. “बूट तर नीट घालतात, मग जखम भरत का नाही?” डॉक्टर वही चाळत म्हणाले. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर!

ऑस्टिओमायलायटिस झाला. जंतू हाडात शिरले. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, याचे उपकार मी विसरणार नाही. “बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “नाहीतर या बुटाचा उपयोग नाही असं आम्ही समजलो असतो. घरात पायात काय घालता, हे आम्हीही विचारायला हवं होतं.” आता ते प्रत्येकाला विचारतात. घरात घालायला वेगळा, स्वच्छ जोड देतात. तुमच्यावर ही वेळ आली तर तो मागून घ्या. आणि चुकलं असेल तर चुकलं म्हणूनच लिहा.

मग वॉर्डात येऊन यांनाही सांगितलं. बोलताना माझा जीव जात होता.

“मले मालूम होतं,” हे म्हणाले. “तू लिहत होती तवा मी बाजूलेच बसलो राहो.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“डॉक्टरसमोर तुले खोटी पाडू काय?”