मेथीमावशी आणि उन्हाळ्यापुरता विमा

शिकाऊ पोरीच्या शेजारी गाडीत बसून मेथी निवडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या आमच्या कॉलनीतली पोरं त्यांना मेथीमावशीच म्हणत. मांडीवर स्टीलची परात, पायाशी पिशवी, आणि पोरगं जीव मुठीत धरून वळण घेत असताना यांची बोटं आपली पानं खुडताहेत. "तू चालव गं, माझं काम चाललंय," एवढंच म्हणायच्या. कॉलनीतली निम्मी पोरं अशीच गाडी शिकली. माझी सईसुद्धा. आणि मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

आधी मीच बसत होते की! पण सईने ब्रेक जरा उशिरा लावला की माझ्या तोंडून किंकाळी निघायची आणि पाय माझ्या बाजूला नसलेलाच ब्रेक दाबायचा. एका रविवारी ती गाडीतून उतरली आणि म्हणाली, "आई, यू आर मेकिंग मी नर्व्हस. मी मावशीबरोबर जाते." झालं! त्या दिवसापासून जेवताना रोज एकच पालुपद, मावशी ओरडत नाही. लायसन्स मिळालं तेव्हा पहिला फोटोही मावशींच्या गळ्यात हात टाकून. तो काढायला मात्र मी.

मग विम्याचा प्रश्न आला. सईला स्विमिंग पूलवर उन्हाळ्याची नोकरी लागली होती, आणि ऑगस्टमध्ये ती गाडी न नेता कॉलेजला जाणार होती. मधल्या तेवढ्या दिवसांसाठी स्वस्तात विमा मिळवायचा मी चंग बांधला. नवीन लायसन्स, कोवळं वय, आकडे ऐकूनच नवरा म्हणाला, "त्यापेक्षा नोकरी कॅन्सल कर म्हणावं." पण मला एकदा तरी सईच्या तोंडून 'आईने केलं' हे ऐकायचं होतं. मी दिसेल त्या वेबसाइटवर फोन नंबर टाकला. विमा मिळाला नाही, एजंटांचे फोन तेवढे आंघोळीलाही उसंत देईनात.

सईने अर्थातच मावशींना विचारलं. त्या परात घेऊनच आमच्याकडे आल्या.

"अगं, इथे महिन्या-दोन महिन्यांचा विमा कोणी देत नाही. भाजीवाला आहे का तो, पावशेर तोलून द्यायला? तुमच्याच पॉलिसीत हिचं नाव घाल, जुन्या गाडीवर. मार्क चांगले आहेत ना हिचे? त्याचे कमी करतात, पण मागितल्याशिवाय नाही. आणि कॉलेजला गेली की कळव, पोरगी लांब आहे, गाडी इथेच आहे. परत कमी होतील."

तीन मुलगे वाढवले होते त्यांनी, त्यांना सगळं ठाऊक. फोन मी केला, तासभर ते भिकार संगीत मी ऐकलं, पैसे आमच्या खात्यातून गेले. आणि सईने मिठी कोणाला मारली? "मावशी, यू आर द बेस्ट!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

एकदा सईबरोबर पहिल्यांदा हायवेवर जाऊन आल्यावर मावशींनी परात माझ्याच ओट्यावर ठेवली. "आज तूच कर भाजी," म्हणाल्या आणि घरी गेल्या. मी पाहिलं तर परातीत सगळे देठ, आणि पानं कचऱ्याच्या पिशवीत! खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना गाठून विचारलं, "काय मावशी, काल देठांची भाजी होती वाटतं?"

त्या ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, जीव माझाही वरखाली होतो. पण हात गुंतलेले असले ना, की तोंड गप्प राहतं."

आता त्यांचा रागही करता येईना, म्हणून मी जास्तच जळले.

जुलैअखेर त्या धाकट्या मुलाकडे, लांबच्या ईडन प्रेरी गावाला कायमच्या राहायला गेल्या. जाताना परात मला दिली. सई त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. पुढच्याच महिन्यात आम्ही तिला कॉलेजला सोडलं, तेव्हा मला नुसता हात हलवला.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ती घरी आली. गाडी घेऊन दूध आणायला गेली, आणि मी मेथी निवडायला बसले होते. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, पार्किंगमध्ये कोणीतरी मागून ठोकलं. मावशी फोन उचलत नाहीये, म्हणून तुला केला."

तो 'म्हणून' मला अजून टोचतो. पण तेव्हा किंकाळी अगदी ओठांवर आली होती. मी फोन स्पीकरवर टाकला आणि दोन्ही हात परातीत घातले.

"तुला कुठे लागलंय का?"

"नाही."

"मग त्यांच्या नंबर प्लेटचा फोटो काढून ठेव. मी येते."

मग सई म्हणाली, "आई, तू ओरडली नाहीस!"

मला भरून आलं, मी आणखी एक जुडी पुढ्यात ओढली.

"थांब हं," ती म्हणाली, "मावशीला टेक्स्ट करते."

कर म्हटलं. आणि खाली पाहिलं, तर परातीत सगळे देठच होते.