कपाळावरची घडी

आमच्या लेकीला ताप आला की मला आनंद व्हायचा. आता ती माझ्याहून उंच झाली आहे, तरी ते तापाचे दिवस आठवले की गलबलून येतं.

तेव्हा ती पाच वर्षांची होती, स्वमग्न. शब्द मोजकेच, तेही स्वतःशी. कुणी हात लावलेला खपायचा नाही. ओला फडका नुसता दिसला तरी घर डोक्यावर घ्यायची. तापात मात्र आपणहून येऊन माझ्या मांडीवर डोकं ठेवायची. मिठाच्या पाण्याची घडी कपाळावर ठेवली की डोळे मिटून घ्यायची. एकदा तर माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आई, घडी." मी हुंदके देऊन रडले. ताप उतरला की पुन्हा ती आणि खिडकीचे गज.

सासूबाई कळवणच्या. मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी आपण दृष्ट काढली म्हणूनच नात बोलली, हा त्यांचा ठाम समज. मग काय, रोज तिन्हीसांजेला दृष्ट! घरभर मिरच्यांचा ठसका. नात गप्प आणि आम्ही खोकून बेजार.

मी तरी कुठे मोठी शहाणी? डॉक्टरांना विचारलं, "थोडा ताप राहू दिला तर?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "काही मुलांत असं दिसतं खरं. तापात शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते, त्याचा मेंदूवरही परिणाम होत असावा. यातल्या काही मुलांच्या शरीरात एरवीही दाह सापडतो. नेमकं काय घडतं, ते अजून शोधताहेत. पण ताप हे औषध नाही, ताई. तो उतरवायचाच."

उतरवत राहिले. दर वेळी सिरप पाजताना वाटायचं, आपणच हिला परत पाठवतोय.

पुढच्या वर्षी, द्राक्षांच्या दिवसांतली दुपार. मी ओट्याशी द्राक्षं धूत होते. ती बाथरूममधून आली. हातात माझाच रुमाल, ओलागच्च, वेडीवाकडी घडी घातलेला. फरशीभर पाणी. ओढणी ओढून तिनं मला खाली बसवलं, मांडीवर आडवी झाली आणि घडी स्वतःच कपाळावर ठेवली.

वाटलं, ताप आला. कपाळ रुमालानं गार पडलेलं, म्हणून गळ्याला हात लावला, पोटाला लावला. थर्मामीटर आणायला उठू लागले, तर तिनं माझा हात धरून ठेवला.

अंग नेहमीसारखंच होतं. ताप नव्हताच.