उच्च-मध्यम गट

बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांशीच झुंजावं, हा न्यायाचा पाया आहे. नव्वदच्या दशकात दुबईच्या अल कुसैस भागातल्या एका ट्रॅक्टर विकणाऱ्या कंपनीत बसून मी हे वाक्य टाइप केलं आणि त्याखाली ट्रॅक्टर-ओढ स्पर्धेचे तीन गट लिहिले: हलका, मध्यम, जड.

खेळ सोपा होता. ट्रॅक्टरमागे लोखंडी घसरगाडी जोडायची. ती ओढत जावी तसं तिच्यावरचं वजन पुढे सरकतं, ओझं वाढत जातं, आणि शेवटी ट्रॅक्टर जागच्या जागी चाकं फिरवत थांबतो. जो लांब जाऊन थांबेल तो जिंकला. आठवडाभर मी ऑफिसात वेगळं काही करत नव्हतो, त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीत तेच बघायला जायचा मला उत्साह नसे.

आमच्या लेबनानी जनरल मॅनेजरने कागद परत पाठवला. "हबीबी, मोठी गिऱ्हाइकं पाच आणि गट तीन? यल्ला, अजून दोन कर."

मी केले. त्यांतला एक, मध्यम आणि जड यांच्यामधला, 'उच्च-मध्यम' नावाचा. त्या पाचांतल्या एका, अल ऐनकडच्या शेतमालकाचा ट्रॅक्टर आमच्या मध्यम ट्रॅक्टरांपेक्षा किंचित जड होता, म्हणून रेघ तिथे मारली. नियमही मीच लिहिले होते. ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसाच हवा, टाकी भरलेली हवी, आणि वजन चालकासकट धरायचं.

त्या रेघेवर आमचा फोरमन सापडला. तो चिंचवडचा, अंगाने भरलेला. आदल्या वर्षी शारजा शाखेच्या केरळी फोरमनने त्याला हरवलं होतं. दोघांचे ट्रॅक्टर एकाच मॉडेलचे; फरक होता तो सीटवर बसणाऱ्यांत. वर्षभर केरळी फोनवर विचारायचा, "मराठा भाई, इस बार भी पीछे से टाटा करेगा क्या?" आमच्याला त्याला एकदा हरवायचं होतं, तेही मुलीच्या देखत. बाकी त्याला काही नको होतं.

भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर तो ट्रॅक्टरसकट मध्यमच्या रेघेपेक्षा दहा किलोंनी जास्त भरला.

"साहेब, रेघ जरा सरकवा की," तो म्हणाला.

"मॅनेजरची मंजुरी झाली. खलास."

"मग मीच सरकतो."

मार्गशीर्ष चालू होता. बायको गुरुवार करायची. त्याने तिच्याबरोबर गुरुवार धरला, वर सोमवार आणि शनिवारही. अल मजाजच्या त्यांच्या घरी मला एका सोमवारी फराळाला बोलावलं होतं. बर दुबईहून आणलेल्या साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, वर तूप. त्याने खिचडी तिसऱ्यांदा घेतली.

"अहो, वजन," बायको म्हणाली.

"उपासाचं वजन वाढत नाही," तो म्हणाला. मीही तिसऱ्यांदाच घेत होतो.

स्पर्धेच्या सकाळी काट्यावर तो पंधरा किलोंनी जास्त भरला.

केरळी मध्यम गटात गेला आणि जिंकला. तो थांबला तिथे लाल झेंडा रोवला, आणि तो झेंडा कुणी काढला नाही. मग उच्च-मध्यम गट पुकारला. शेतमालकाचा ट्रॅक्टर आलाच नव्हता. दोरीपाशी उभ्या मुलीने विचारलं, "बाबा, व्हेअर इज द अदर वन?"

"येतोय," तो म्हणाला आणि निघाला.

तो लाल झेंड्याच्या पुढे गेला. बराच पुढे. केरळी उठून उभा राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लेकिन ग्रुप अलग है ना, सर?"

"अलग है," मी म्हणालो. नियम माझाच होता.

बक्षीससमारंभ लांबला. तंबूत खजूर फिरले, भाषणं झाली, मॅनेजरने सचोटीबद्दल बराच वेळ सांगितलं. उच्च-मध्यम गटाच्या पहिल्या कपावर शेतमालकाचं नाव आठवड्यापूर्वीच कोरून आलं होतं, आणि तो कप न्यायला त्याचा सेक्रेटरी हजर होता.

आमचा फोरमन दुसरा आला.